घर झोपून बघायचं असतं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पलंगावर चादर ताणली. त्या बाजूला ती, ह्या बाजूला मी. चादर कोरी होती, घडीच्या रेघा जात नव्हत्या. ती म्हणाली, "अहो, ओढा की जरा. हातात जीव नाही का?" मी ओढली. जास्तच ओढली, तिच्या हातातलं टोक निसटलं. "रंगाऱ्याला काय कळणार चादर," ती म्हणाली, "जा, तुमची गॅलरी घ्या." मी गॅलरीत गेलो. ग्रिलला रंगाचा दुसरा हात द्यायचा होता. सकाळचे अकरा वाजले असतील.

एकेचाळीस वर्षांच्या संसारातलं ते शेवटचं बोलणं. काहीतरी बरं बोलायला पाहिजे होतं असं आता वाटतं. पण चादर ताणताना माणूस काय बरं बोलणार.

ह्या अंकाच्या संपादक बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, तुमच्या कामाबद्दल लिहा, असं काम असतं हेच लोकांना ठाऊक नसतं. मी म्हणालो, बाई, माझी शाळा सातवीत सुटली. त्या म्हणाल्या, बोलता तसं लिहा. तर बोलतो तसं लिहितोय. कुणाला टोचलं तर टोचू दे.

मी रंगारी. बायको शकुंतला, मी शकू म्हणायचो, आधी लोकांकडं धुणं-भांडी करायची. येरवड्यात आमची दोन खोल्यांची जागा. मागची सव्वीस वर्षं आम्ही दोघं मिळून एकच काम करत होतो. विकायला काढलेलं जुनं घर गिऱ्हाइकाला दाखवण्यासारखं करून द्यायचं. हल्ली शिकलेल्या मुली लॅपटॉप घेऊन येतात आणि ह्यालाच स्टेजिंग म्हणतात. आम्ही त्याला काहीच म्हणत नव्हतो. एजंटचा फोन यायचा, "काका, एक टू बीएचके आहे, जरा उठवायचाय." आम्ही जायचो आणि उठवायचो.

राहणारा माणूस स्वतःच्या घरात आंधळा झालेला असतो. नळ गळतोय हे त्याला पाच वर्षं ऐकू येत नाही. दाराच्या कडीभोवती हाताचं काळं वर्तुळ पडलंय ते दिसत नाही. ते आम्हाला दिसायचं. पहिलं काम म्हणजे भिंतीवरचे फोटो उतरवायचे. दुसऱ्याचे आजोबा वरून बघतायत हे गिऱ्हाइकाला चालत नाही. मग खिळे. एका घरात मी एकाच भिंतीतून एकतीस खिळे काढले. मालक म्हणाला, एवढे कशाला होते कुणास ठाऊक. मग भोकांत पुट्टी, वरून घासकागद, प्रायमर, रंगाचे दोन हात. शकू फरश्यांचे सांधे व्हाइट सिमेंटनं भरायची, नळ लिंबानं घासायची, ट्यूबलाइट काढून पिवळे दिवे लावायला लावायची. पडदा खिडकीच्या वर नाही, छताला टेकवून लावायचा. खोली हातभर उंच दिसते. हे कुणी शिकवलं नाही. तिचं तिनंच शोधलं.

आणि वरण-भात. गिऱ्हाईक यायच्या आधी तासभर ती त्या घरात वरण-भात लावायची, वरून तुपाची फोडणी. रंगाचा वास मरतो आणि घरात माणसं राहतात असं वाटतं. एकदा धनकवडीला एक बँकेतले साहेब घर बघायला आले. बेडरूम बघितली नाही, पार्किंग विचारलं नाही, थेट स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. म्हणाले, "मावशी, आहे का थोडा?" शकूनं वाढला. ओट्याशी उभ्यानं खाल्ला, दुसऱ्यांदा मागून घेतला, आणि घर घेतलं. नंतर त्यांच्या मिसेसचा एजंटला फोन, की ह्या घराचा हॉल आमच्या आधीच्या हॉलपेक्षा लहान निघाला. शकू म्हणाली, "हॉल मी मोठा केला नव्हता. भात केला होता."

कात्रजला एका बिल्डरचा नमुना फ्लॅट आम्ही लावून दिला होता. तिथली एक चलाखी सांगतो. असल्या फ्लॅटमधला पलंग मुद्दाम आखूड बनवून घेतात, सव्वापाच फुटी. कपाट कमी खोल. आतली दारं काढून ठेवतात. खोली कशी ऐसपैस दिसते. एक लग्न ठरलेलं जोडपं आलं, मुलगा सहा फुटी. तो पलंगावर आडवा झाला आणि त्याचे पाय घोट्यापासून बाहेर. मुलगी हसायला लागली. तो उठला, आम्हाला विचारलं, "हे कुणाच्या मापाचं आहे?" शकू म्हणाली, "फोटोच्या." त्यानंतर त्या बिल्डरनं आम्हाला बोलावलं नाही.

आता मुख्य गोष्ट. शकूची एक रीत होती. सगळं आवरून झालं की ती चटई घ्यायची आणि प्रत्येक खोलीत जमिनीवर दहा मिनिटं आडवी व्हायची. ती म्हणायची, गिऱ्हाईक घर उभं राहून बघतं आणि घेतल्यावर त्यात झोपतं. पहिल्या रात्री छताकडं बघत पडतं, तेव्हा त्याला जे दिसतं ते आपल्याला आधी दिसायला पाहिजे. म्हणून घर झोपून बघायचं असतं. आणि खरंच, झोपल्यावर वेगळंच घर दिसतं. पंख्याच्या पात्यांच्या कडेला साचलेली धूळ, पडद्यावरच्या पेल्मेटच्या खालच्या अंगाचं जाळं, वरच्या मजल्याच्या मोरीतून उतरलेलं ओलीचं पिवळं कडं. ती पडल्या पडल्या हाक मारायची, "अहो, इकडं या. तुमचा हात चुकलाय." मी शिडी घेऊन जायचो. सव्वीस वर्षांत ती एकाही छताला बिनचूक म्हणाली नाही.

कधीकधी पडल्या पडल्या तिचा डोळा लागायचा. मी उठवायचो नाही. पहाटे चारला उठून घरचं आवरून आलेली बाई. दुसऱ्याच्या का असेना, गार फरशीवर पाठ टेकायला मिळतेय तर मिळू दे. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

ह्या कामात झाकाझाकी असते. मी साळसूद नाही, भरपूर झाकलंय. सहकारनगरला एका म्हाताऱ्या गृहस्थांचं घर होतं. ते वारले होते, मुलगा परदेशातून घर विकायला आला होता. हॉलमधल्या दिवाणावर बसून ते भिंतीला डोकं टेकायचे. वर्षानुवर्षं. तिथं तेलाचा गोल डाग. तेल नुसत्या रंगानं दबत नाही, वर येतं. आधी सोड्यानं धुवायचं, ऑइल प्रायमर मारून तोंड बंद करायचं, मग रंग. मी तसं केलं. काम चोख झालं. आतून त्यांची बायको आली, भिंतीवर हात फिरवून म्हणाली, "इथं होते ना हे." मुलगा म्हणाला, "आई, घर विकायचंय आपल्याला." ती हात तसाच ठेवून उभी राहिली. ओल्या रंगाचा पंजा उठला. मी तिच्यादेखत त्याच्यावर परत रोलर फिरवला. माझं कामच होतं ते. पण आज ते आठवलं की जेवण जात नाही.

दुसरं एक घर होतं. गाव सांगत नाही. एकटा भाडेकरू गेला आणि चौथ्या दिवशी कळलं. एजंट म्हणाला, फक्त स्वच्छ करून द्या, बाकी बोलायचं काही नाही. आम्ही खिडक्या आठ दिवस उघड्या ठेवल्या, फरशी तीनदा धुतली, चुना मारला, रंग मारला. नवीन लग्न झालेलं जोडपं आलं, खूश झालं. त्या दिवशी शकूनं वरण-भात लावला नाही. येताना बसमध्ये म्हणाली, "कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, आत्ताच सांगून ठेवते." मी म्हणालो, "कुणी विचारत नाही." ती म्हणाली, "तेच."

आणि खरंच, सव्वीस वर्षांत कुणीही विचारलं नाही. लोक पाणी किती वेळ येतं विचारतात, गाडी कुठं लावायची विचारतात. ह्या खोलीत कोण गेलं, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर ऐकावं लागतं.

आता नारायण पेठ. आपटेबाईंचं घर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाईंचं वय ब्याऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले. तीन महिने त्या खाली उतरल्या नव्हत्या. कात्रजला मुलीच्या शेजारी तळमजल्यावरची जागा त्यांनी ठरवली होती, हे घर विकलं गेलं की तिकडं जायचं. बाई तोंडानं तिखट. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "रंग मारा, भिंती बदलू नका." पण शकूला त्या रोज समोर बसवून चहा द्यायच्या, स्वतःच्याच जोडीतल्या कपातून. आमच्या वयाच्या माणसांना त्याचा अर्थ कळतो. काम सुरू झालं तशी मुलगी त्यांना खुर्चीत बसवून कात्रजला घेऊन गेली. आठ दिवसांत काम उरकलं. गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलेलं, तिसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी दहाला येऊन पक्कं करणार होतं. एजंट निखिल. पोरगा तसा वाईट नाही, हे आधीच सांगतो.

तर चादर ताणून मी गॅलरीत गेलो. ती आतल्या खोलीत चटई टाकून आडवी झाली. गॅलरीतून मला तिचे पाय दिसत होते. पैंजण, भेगा, सगळं रोजचंच. मी ग्रिल रंगवत होतो. साडेबाराला वाटलं, बराच वेळ हाक आली नाही, म्हणजे छत बिनचूक दिसतंय. मनात हसलो. मग वाटलं, झोपली. मी डबा उघडला. तिची भाकरी वेगळी काढून वर ताट झाकलं. माझी खाल्ली, पाणी प्यालो, हात धुतले आणि ग्रिलचा राहिलेला भाग संपवला. माझ्या बायकोपासून दहा पावलांवर बसून मी पोटभर जेवलो.

दीड वाजता उठवायला गेलो.

पुढचं तपशिलानं लिहिता येत नाही. डोळे उघडे होते, छताकडं. मला आधी वाटलं, बघतेय. मी म्हणालो पण, "काय, सापडली का चूक?" हे मी बोललो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर वर आले. हात धरला, डोळे बघितले. म्हणाले, "तास-दीड तास झाला असेल. झोपेतच. त्रास झाला नसेल." बीपीच्या गोळ्या चालू होत्या, त्यांनी कागद बघितले. झाकायला काही द्या म्हणाले. घरात कापड दुसरं नव्हतं. मी पलंगावरची ती ताणलेली चादर ओढून काढली.

जिना पेठेतला, अरुंद. स्ट्रेचर वळेना. हॉलमध्ये गिऱ्हाइकासाठी खिडकीपाशी एक वेताची खुर्ची मांडली होती, तिनंच कोन बघून मांडलेली. त्या खुर्चीत बसवून तिला चार जणांनी खाली उतरवलं.

निखिल आला तेव्हा ती खाली गाडीत होती. तो पायरीवर बसून रडला. खोटं रडला नाही, मावशी मावशी करायचा तिला, तिच्या हातचं खाल्लेलं. मग डोळे पुसले आणि माझ्याजवळ आला.

"काका, एक बोलू का? राग मानू नका."

"बोल."

"उद्या दहाला ते लोक येतायत. फॅमिली आहे. ह्या गोष्टी ऐकल्या की लोक लगेच मागं फिरतात, तुम्हाला माहितीये. मावशी घरी गेल्या असं सांगूया. येरवड्याला. झोपेतच गेल्या ना त्या? मग तसं खोटंही नाही."

तो म्हणाला, "आपटे आज्जींनाही मी तसंच कळवलंय. उगाच त्यांच्या जिवाला घोर. आणि काका, चादरीचं टेन्शन घेऊ नका. संध्याकाळी एका मुलीला पाठवून दुसरी घालून घेतो. चटईपण उचलून घेतो. तुम्ही येऊच नका उद्या."

मला त्याचा राग आला नाही. धक्का बसला तो ह्याचा की त्याचं बोलणं माझ्याच ओळखीचं होतं. असंच मी वागलो होतो. फोटो उतरवा, डागाचं तोंड बंद करा, वरून दोन हात. चादर बदलली, चटई उचलली की माझी बायको त्या घरात कधी आलीच नव्हती. आणि तिच्याबद्दल विचारणार कोण? विचारत नाहीच कुणी.

संध्याकाळी वस्तीतली माणसं जमली. त्रिसरण, पंचशील झालं. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. मुलगी संगीता दिघीहून आली होती, ती रडत होती. मी रडलो नाही. माझ्या नखांत ग्रिलचा हिरवा रंग होता, तो मी काढत बसलो. लोकांना वाटलं, म्हातारा भ्रमला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, पांढरा शर्ट घातला. संगीता म्हणाली, "बाबा, कुठं निघालात? लोक येतील भेटायला."

"काम राहिलंय."

"कसलं काम? आज?"

"येतो दुपारपर्यंत."

बसनं नारायण पेठेत गेलो. एक किल्ली माझ्याकडं होती. वर चढायच्या आधी खाली उभा राहून आपटेबाईंना फोन लावला. घर त्यांचं होतं, म्हणून.

त्या म्हणाल्या, "फार वाईट झालं हो. निखिल म्हणाला, घरी गेल्या."

"नाही बाई. तुमच्या आतल्या खोलीत गेली."

मग म्हणाल्या, "आणि आता तुम्ही कुठं आहात?"

"तुमच्या जिन्याखाली. ते लोक दहाला येतायत. त्यांना सांगणार आहे."

"मला विचारताय की कळवताय?"

"माझं मलाच कळत नाही."

"मला ते घर विकायलाच पाहिजे. मी इथं मुलीच्या हॉलमध्ये पडलेली आहे. हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

मग त्यांचा नेहमीचा आवाज आला. "त्या बाई माझ्या घरी आल्या नव्हत्या असं मी म्हणणार नाही. काय सांगायचं ते सांगा. पण अर्धवट सांगू नका. नंतरचं निस्तरायला मला जिना चढता येत नाही." आणि फोन ठेवला.

मी वर गेलो. पलंगावर नवी चादर होती, फुलांची. चटई नव्हती. वेताची खुर्ची परत खिडकीपाशी ठेवलेली, पण कोन चुकला होता. मी तो बरोबर केला नाही.

दहाला निखिल त्यांना घेऊन आला. पस्तिशीचा माणूस, त्याची बायको आणि त्याची आई. मला बघून निखिलचा चेहरा पडला, पण तो बोलत राहिला. हॉल परत दाखवला, ओटा दाखवला. आतल्या खोलीत आले. आईनं पलंगावर हात दाबून बघितला. सून खिडकीतून खाली बघत होती. निखिल म्हणाला, "हवा बघा कशी खेळते."

मी दारात होतो. म्हणालो, "मी रंगारी. हे घर मी आणि माझ्या बायकोनं तयार केलं. काल ती ह्या खोलीत वारली. पलंगाच्या त्या बाजूला, खाली. शकुंतला नाव."

निखिल नुसता "काका" म्हणाला. सून जिथं उभी होती तिथून दोन पावलं सरकली. तिचा नवरा म्हणाला, "म्हणजे, काल? काल म्हणजे कालच?"

"कालच. दुपारी. मी गॅलरीत होतो." मग तोंडातून निघालं, "मी जेवत होतो. मला कळलं नाही."

तो माणूस निखिलकडं वळला. "तुम्ही हे आम्हाला सांगणार होता का?" निखिल फोनकडं बघायला लागला.

आई मात्र माझ्याकडं बघत होती. साधारण शकूच्याच वयाची. म्हणाली, "काम करताना गेल्या?"

"झोपून बघत होती. काही राहिलंय का ते."

"मग," ती म्हणाली, "काही राहिलं होतं का?"

सव्वीस वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. मी वर बघितलं. छत स्वच्छ होतं. मग भिंतीकडं बघितलं.

"त्या कपाटामागं ओल आहे," मी म्हणालो. "मी पुट्टी भरून दाबलीय. पावसाळ्यात परत येईल. मोरीच्या पाइपमधून येते, आतला पाइप बदलायला पाहिजे. नुसता रंग मारून जायची नाही."

निखिल पलंगावर मटकन बसला. त्या बाईंनी मुलाला कपाटाचं एक टोक धरायला सांगितलं. दुसरं मी धरलं, आणि आम्ही ते भिंतीपासून ओढलं.